दोन फवारण्यांच्या मधला लडाख

कुळागर, म्हणजे पोफळींची बाग, असलेल्या माणसाशी लग्न केलं की घरातल्या सुट्ट्या पोफळी ठरवतात. डिसेंबर ते मे शिंपण, त्यामुळे गोव्यातलं आमचं सावईवेरे गाव सोडून कुठे जायचं नाही. मेच्या शेवटी, पाऊस लागायच्या आत, कोळेरोगाने सुपारी कुजू नये म्हणून बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी. त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दुसरी. या दोन फवारण्यांच्या मधे पाऊसच शिंपण करतो आणि आमच्या संसारात दरवर्षी एक छोटीशी फट उघडते. आजवर त्या फटीतून आम्ही कोल्हापूर, गाणगापूर आणि एकदा म्हैसूर एवढंच गाठलं होतं. यंदा लग्नाला पंचवीस वर्षं झाली, म्हणून मी लडाख म्हटलं.

"तिथे काय आहे?" नवऱ्याने विचारलं.

"वाळवंट. उंचावरचं."

"आणि त्यात बघायचं काय?"

सासूबाई आतून ओरडल्या, "पाऊस नाही ना तिथे? मग जा बाबांनो. कपडे तरी सुकतील."

तयारी

आधी मनात स्पिती होतं. शिमल्याहून किन्नौरमार्गे हळूहळू चढत गेलं की शरीराला उंचीची सवय होत जाते, हा त्या रस्त्याचा मोठा गुण. पण आठ-नऊ दिवस तर जाण्यायेण्यातच संपतात आणि आमची फट तेवढी रुंद नव्हती. लेहला विमान थेट उतरतं. समुद्रकाठचा माणूस एका सकाळी साडेतीन हजार मीटरवर जाऊन बसतो. सोय आणि धोका दोन्ही त्या एकाच तिकिटात.

फोंड्याच्या एका एजंटाने पाच दिवसांचं 'कपल पॅकेज' काढून दिलं. पहिल्या दिवशी लेह, दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला ही खिंड ओलांडून नुब्राचं खोरं, तिसऱ्या दिवशी पँगाँगचं तळं, शिवाय तंबूत मेणबत्तीच्या उजेडात जेवण. तो कागद मी आमच्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "हे फिरायला चाललात की लष्करात भरती व्हायला?" त्यांचं म्हणणं असं की पहिल्या दोन रात्री लेहलाच काढायच्या आणि पहिला दिवस अक्षरशः अंथरुणात. मला त्यांनी अॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या दिल्या, म्हणजे सगळे ज्याला डायमॉक्स म्हणतात ते. नवऱ्याला सल्फाची अॅलर्जी आहे म्हणून त्याला त्या नाहीत. "तुमचं औषध म्हणजे आळस," ते त्याला म्हणाले. हे औषध त्याने मनापासून घेतलं.

मग मी स्वतः वही घेऊन बसले. पँगाँग साधारण सव्वाचार हजार मीटरवर, आणि तिथे जाणारे बहुतेक जण रात्र काढतात. नुब्रा मात्र लेहपेक्षा खाली, ३,१०० मीटरच्या आसपास. वाटेतली खिंड कितीही उंच असली तरी ती दिवसा ओलांडून झोपायला खाली उतरता येतं. तेव्हा नुब्रा ठेवलं, पँगाँग खोडलं. माझी नणंद अजून रागावलेली आहे. "पँगाँग न बघता लडाख म्हणजे मंगेशीला न जाता फोंडा," असं तिचं मत. असू दे. १३४ किलोमीटर लांबीचं तळं आहे, कुठे पळून जात नाही.

बाकी तयारी किरकोळ. बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिमं लडाखात चालत नाहीत म्हणून माझा नंबर पोस्टपेड करून घेतला. स्वेटर बेळगावच्या भावाकडून आणले, कारण गोव्यात आमच्याकडे असलेलं एकमेव लोकरी वस्त्र म्हणजे सासूबाईंची मफलर. ओठांसाठी घरची भिरंडेलाची, म्हणजे कोकमाच्या तेलाची वडी, तोंडाला चव यावी म्हणून सोलां, म्हणजे आमसुलं, आणि फणसाची साटां. मासळीची आठवण येईल का, असं नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "जुलैत इथेही मासेमारीला बंदीच आहे. उपास तो उपास, कुठेही करा."

पहिला दिवस : मोपा ते दिल्ली

पाऊस. वाटेत पाऊस, मोपाला पाऊस, धावपट्टीवर पाऊस. रात्री दिल्लीत विमानतळाजवळ झोपलो. लिहिण्यासारखं काही नाही.

दुसरा दिवस : लेह

लेहची विमानं बहुतेक सकाळीच असतात. दुपारनंतर दरीत वारा उठतो आणि हवा आणखी विरळ होते. आमचं सहाचं होतं. अर्ध्या तासाने खाली बर्फाचे डोंगर सुरू झाले आणि सगळं विमान डावीकडच्या खिडक्यांवर वाकलं. मग बर्फ संपला आणि उघडे, तांबूस-करडे, चर पडलेले डोंगर दिसू लागले. मी काही तरी काव्यमय बोलणार होते. तेवढ्यात नवरा म्हणाला, "अगो, ह्या डिचोलीच्या खाणी!"

त्याचं अगदीच चूक नव्हतं. झाडाविना डोंगर म्हटला की गोव्याच्या माणसाला खाणच आठवते. फरक एवढाच की हे कोणी खणून उघडे केलेले नाहीत. पावसाचे ढग हिमालयाच्या दक्षिणेलाच रिते होतात, पलीकडे जवळजवळ काही उरत नाही. लेहला वर्षभरात साधारण चार इंच पाऊस पडतो. आमच्याकडे पावसाने इंचांची शंभरी गाठली की वर्तमानपत्रात बातमी येते. लेहचं अख्खं वर्ष आमच्या जुलैच्या एका वाईट दिवसात बसेल.

टॅक्सीवाला लेहचाच, तिशीतला. तिथे ठिकठिकाणचे दर युनियनने ठरवलेले, छापलेले, आणि बाहेरच्या टॅक्सीला स्थानिक फेरफटक्याला मज्जाव. पर्यटक यावर कुरकुरतात म्हणे. आम्ही गोव्याचे, टॅक्सीच्या भांडणावर वाढलेलो. आम्हाला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

दिवसभर झोपायचं होतं. नवरा झोपला. मी गोळी घेतलेली, त्यामुळे मला वाटलं आपल्याला काय होतंय, आणि बॅग उचलून दुसऱ्या मजल्यावर चढले. संध्याकाळी डोकं असं ठणकायला लागलं की कवटीच्या आत कोणी पाटा-वरवंटा घेऊन बसलंय. ऑक्सिमीटरवर माझा आकडा ८३, आणि बिनगोळीच्या नवऱ्याचा ८९. त्यात त्या गोळीने बोटांना मुंग्या येतात आणि रात्री चार वेळा उठावं लागतं. हॉटेलवाल्यांनी दहा मिनिटं ऑक्सिजन दिला आणि आल्याचं पाणी. मी म्हटलं, मला पेज हवी. स्वयंपाकी बिहारचा, त्याला पेज समजावता समजावता माझा उरलासुरला प्राणवायू संपला. पण त्याने केली. इथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे भात कुकरशिवाय शिजत नाही, हे त्यानेच सांगितलं. पेजेत सोलाचं पाणी घालून प्यायले आणि झोपले.

तिसरा दिवस : लेहच

डोकं उतरलं होतं. तरी दुपारपर्यंत गच्चीत बसून राहिलो. धुतलेले कपडे तासाभरात कडक सुकले. आमच्याकडे आषाढात चार दिवस पंख्याखाली ठेवूनही टॉवेलला बुरशीचा वास येतो. मी त्या सुकलेल्या टॉवेलचा फोटो काढून सासूबाईंना पाठवला. अख्ख्या सहलीतला त्यांचा सगळ्यात आवडता फोटो तोच.

हॉटेलच्या न्हाणीघरात पाटी होती: पाणी जपून वापरा. गोव्यातल्या हॉटेलांतही ती असते आणि कोणी वाचत नाही. इथे तिचा अर्थ कळतो. लेहचं पाणी म्हणजे वर वितळलेला बर्फ आणि झरे. आता पर्यटकांसाठी बोअर मारतात आणि त्या पाण्याने फ्लश चालतात. जुन्या घरांतला संडास कोरडा असतो. वरच्या मजल्यावर भोक, शेजारी मातीचा ढीग आणि फावडं. काम झालं की फावडंभर माती लोटायची, वर्षाने खालचं खत शेतात जातं. पुढे नुब्रात तो मी वापरला. वास नाही, पाणी नाही, आणि बाहेर पडताना एक फावडं मारल्याचं समाधान.

संध्याकाळी राजवाडा खालूनच पाहिला. नऊ मजली, सतराव्या शतकात सेंगे नामग्यालने बांधलेला. नऊ मजल्यांकडे बघून आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि बाजारात जाऊन थुक्पा खाल्ला.

चौथा दिवस : ठिकसे आणि सिंधू

ठिकसेचा मठ डोंगराच्या उतारावर पांढऱ्या घरांची चळत लावल्यासारखा आहे. आत दोन मजले उंच मैत्रेय, म्हणजे पुढे येणारा बुद्ध, बसलेला, सुमारे १५ मीटरचा. त्याच्या चेहऱ्याच्या पातळीवर आपण आत शिरतो, त्यामुळे आधी नजरानजर होते आणि मग खाली वाकून त्याची मांडी दिसते. ही युक्ती मला फार आवडली.

येताना शे गावाजवळ सिंधूच्या काठी थांबलो. लहानपणापासून आंघोळीच्या श्लोकात गंगा-यमुनेबरोबर सिंधू म्हणत आलो, पण ती कुठल्या रस्त्याला लागते हे कधी डोक्यात आलं नव्हतं. नवऱ्याने पाण्यात हात घातला, झटकन काढला आणि म्हणाला, "आता यापुढे घरी बादलीत हिला बोलावताना विचार करावा लागेल."

तिथेच टॅक्सीवाल्याशी खरं बोलणं झालं. नवऱ्याने विचारलं, एवढे बर्फाचे डोंगर उशाला, मग पाण्याची अडचण कसली? तो म्हणाला, अडचण एप्रिल-मेमध्ये. पेरणी तेव्हा असते आणि वरच्या हिमनद्या तेव्हा अजून वितळायला लागलेल्या नसतात. पाणी येतं जूनमध्ये, तोवर जवाचं बी वाट बघत बसतं. म्हणून चेवांग नोर्फेल नावाच्या इथल्या इंजिनियरने हिवाळ्यात वाया जाणारं पाणी गावाच्या जरा वर अडवून गोठवायला सुरुवात केली. गाव खाली, ऊब तिथे आधी येते, त्यामुळे तो बर्फ आधी वितळतो. नोर्फेलना २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांचे बर्फाचे स्तूप ही त्याच विचाराची पुढची पायरी: वरचं पाणी पाइपातून आणून थंडीत कारंज्यासारखं उडवायचं, ते पडता पडता गोठतं आणि शंकू तयार होतो. शंकूला ऊन लागायला जागा कमी, म्हणून तो उशिरापर्यंत टिकतो.

नवरा गप्प झाला. हा माणूस गप्प झाला की समजावं, त्याला पटलंय. आमच्याकडे शंभर इंच पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये झर आटते आणि खालच्या वाड्यावर टँकर येतो. "महिने तेच की," एवढंच तो म्हणाला.

पाचवा दिवस : खारदुंग ला, नुब्रा

लेहपासून खिंड चाळीस किलोमीटर. दक्षिण पुल्लूच्या चौकीपर्यंत रस्ता गुळगुळीत, पुढे खड्डे, चिखल, ट्रकांची रांग. आमच्या चिवड्याचं पाकीट फुग्यासारखं तट्ट फुगलं होतं. माथ्यावर पिवळ्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं आहे. नव्या मोजणीने खिंड १७,५८२ फूट, म्हणजे ५,३५९ मीटर निघते. पाटीजवळ फोटोसाठी भांडणं चालली होती. आठशे फुटांसाठी कोण हटकणार, इथे श्वास मोजून घ्यावा लागतो. पंधरा मिनिटांत निघालो. टॅक्सीवाल्याचा नियमच तो, कोणाला वर रेंगाळू द्यायचं नाही.

उतरताना श्योक नदीचं रुंद करडं पात्र दिसतं आणि त्याच्या कडेला, जिथे जिथे ओढा डोंगरातून बाहेर पडतो तिथे तिथे, हिरवा डाग. मधे काही नाही. गोव्यात गाव कुठे संपतं आणि रान कुठे सुरू होतं हे सांगता येत नाही. इथे रेघ ओढल्यासारखं: पाट पोचला तिथवर गाव, त्याच्या वर एक बोटभरसुद्धा गवत नाही.

हुंदरला वाळूच्या टेकड्या आणि दोन वशिंडांचे उंट. आता चीनमध्ये असलेल्या यारकंदच्या व्यापारी काफिल्यांबरोबर हे उंट इथे आले. सीमा बंद झाल्यावर व्यापार थांबला आणि उंट मागे राहिले. आता पर्यटकांना गोल फिरवतात. रांग मोठी होती, आणि वाळूबद्दल आम्हाला मुळात कौतुक कमी. बसलो नाही. एका घरगुती मुक्कामात उतरलो. घरच्या बाईंना सगळे 'आमा-ले' म्हणत, म्हणजे आई, आणि 'ले' हा मानाचा. रात्री स्क्यू खाल्लं. कणकेचे अंगठ्याने दाबलेले तुकडे, सलगम, बटाटा, सगळं एकत्र रटरटवलेलं. रात्री झोप लागली, पहिल्यांदाच अखंड. वहीतला तो ३,१०० चा आकडा मी नवऱ्याला दोनदा वाचून दाखवला.

सहावा दिवस : तुर्तुक

हुंदरहून श्योकच्या काठाकाठाने ऐंशी एक किलोमीटर. तुर्तुक हे बाल्टी लोकांचं गाव, १९७१ च्या युद्धापर्यंत पाकिस्तानच्या ताब्यात होतं. पर्यटकांना २०१० पासून इथे येता येतं. पूल ओलांडून गावाच्या फारोल नावाच्या भागात चढलो आणि मी थांबले, कारण पाण्याचा आवाज येत होता. गेले पाच दिवस तो आवाज नव्हता. वाट म्हणजे पाटाचा काठच. घराच्या भिंतीला लागून पाट, जर्दाळूच्या झाडाखालून पाट, पायऱ्यांच्या कडेने पाट. जर्दाळू नुकते पिवळे व्हायला लागले होते; दोन-चार पिकलेले एका मुलीने हातावर ठेवले.

दगडांची थंड कोठारं पाहायची होती. त्यांना नांगचुंग म्हणतात. दगडांच्या फटीतून आतला गार वारा येतो आणि लोणी, मांस उन्हाळ्यात टिकतं. मी आत डोकावून बाहेर येते तर नवरा गायब.

वीस मिनिटांनी सापडला. जवाच्या शेताच्या बांधावर उकिडवा बसला होता, शेजारी एक म्हातारा. म्हाताऱ्याला बाल्टी आणि थोडी उर्दू, याला कोकणी, मराठी आणि सिनेमातली हिंदी. म्हाताऱ्याने पाटाच्या तोंडातला दगड आणि मातीचं ढेकूळ काढलं, पाणी वाफ्यात शिरलं. नवऱ्याने डोकं हलवलं. मग म्हातारा दुसऱ्या वाफ्याकडे वळायच्या आत याने उठून खालची मोरी स्वतःच बुजवली, पायाने माती दाबून. म्हाताऱ्याने बघितलं, काही बोलला नाही, आणि आपलं फावडं याच्या हातात दिलं.

पंचवीस वर्षांत मी या माणसाला इतक्या आनंदात फार कमी वेळा पाहिलंय.

गाडीत त्याचं तोंड थांबेना. पाण्याच्या पाळ्या आहेत, कोणाची किती घटका ते ठरलेलं आहे. टॅक्सीवाल्याने भर घातली की लेहकडच्या गावांत यासाठी एक माणूस नेमतात, त्याला छुरपोन म्हणतात. पाणी कोणाच्या शेतात कधी सोडायचं हे तो ठरवतो, आणि त्याच्याशी भांडून चालत नाही. रात्रीचं पाणी वाया जाऊ नये म्हणून वर तळं असतं, त्याला झिंग म्हणतात. रात्री भरायचं, सकाळी सोडायचं. नवरा मागे वळून माझ्याकडे बघायला लागला. आमच्या कुळागराच्या माथ्यावर त्याच्या आजोबांनी बांधलेली दगडी तळी आहे. झरीचं पाणी रात्रभर तिच्यात साठायचं आणि पहाटे आजोबा तिचं तोंड काढायचे. पंप आल्यापासून तिच्यात पाचोळा आहे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ती तशीच.

जर्दाळूचा रस माझ्या भावाच्या स्वेटरवर सांडला. डाग निघालेला नाही.

सातवा दिवस : परत लेह

जाता जाता दिस्कितचा मैत्रेय पाहिला. ३२ मीटर उंच, उघड्यावर, श्योककडे तोंड करून बसलेला. २०१० मध्ये दलाई लामांच्या हस्ते त्याची प्रतिष्ठापना झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लेहला ढगफुटी झाली होती. टॅक्सीवाला तेव्हा शाळेत होता. इथली घरं मातीच्या विटांची, सपाट धाब्याची, पाऊस नसल्याच्या भरवशावर बांधलेली. दोनशेच्या वर माणसं गेली. आता जुलै-ऑगस्टमध्ये रात्री ढग दिसले तर त्याची आई झोपत नाही, असं तो म्हणाला. नवऱ्याने त्याला सांगितलं की आमच्याकडे जुलैत रात्री पाऊस थांबला तर आईला जाग येते. दोघे हसले, पण जरा बेतानेच.

खारदुंग लाच्या माथ्यावर हिमवर्षाव सुरू झाला. बेळगावचा स्वेटर पुरला नाही.

आठवा दिवस : घरी

सकाळचं विमान, दिल्लीला चार तास बसणं, संध्याकाळी मोपा. दार उघडल्याबरोबर ओली, जड हवा तोंडावर आली आणि मी पोटभर श्वास घेतला. भिरंडेल लावूनही फुटलेले ओठ घरी पोचेपर्यंत मऊ झाले होते. बॅगेतले लेहला खडखडीत सुकलेले कपडे तिथल्या तिथे दमट.

सासूबाईंनी जर्दाळूच्या बियांची पुडी हातात घेऊन हलवली. "याचं काय करायचं? लोणचं?" मी म्हटलं, फोडून आतला गर खायचा, बदामासारखा. त्यांनी खलबत्ता मागवला.

दुसरी फवारणी आठवड्यावर आलेली आणि पाऊस उघडीप देईना. एरवी नवरा अशा वेळी आभाळाकडे बघत शिव्या घालत बसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दिसला नाही. छत्री घेऊन वर गेले तर घोंगता पांघरून आजोबांच्या तळीत उतरला होता, गुडघाभर पाण्यात, आणि घमेल्याने पाचोळा बाहेर टाकत होता.

"चहा आणू?" मी वरून विचारलं.

"फावडं आण," तो म्हणाला.